दगड, मळी आणि धावड

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन दारात उभा राहिला. शाळा सोडून त्याला तीस वर्षं होत आली. इथेच कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत भट्टीवर काम करतो. पोतं उघडून म्हणाला, "बाई, ह्ये बघा की जरा. लई जड हाय."

नारळापेक्षा जरा मोठा, काळाकुट्ट दगड. एका अंगाने लोखंडासारखी चमक, दुसऱ्या अंगाने तांबूस गंज. उचलायला गेले तर हात खालीच आला. फ्रिजवर भाचीने सिंगापूरहून आणलेलं चुंबकाचं फुलपाखरू आहे, ते काढून लावलं. टच्चकन चिकटलं. दुसऱ्या बाजूला लावलं तर जेमतेम धरून राहिलं.

दगड त्याच्या आज्याचा. त्यांचं मूळ गाव वारणेच्या वरच्या खोऱ्यात. चांदोलीच्या धरणामुळे गाव उठलं तेव्हा आज्याने ट्रकमध्ये जातं, उखळ आणि हा दगड घातला. "वीज पडली तवाचा दगूड हाय, टाकायचा न्हाई," असं म्हातारा सांगायचा. नव्या वसाहतीत तो दाराला अडण म्हणून लागायचा. नवरात्रात त्यालाही हळदकुंकू मिळायचं.

आता कुणीतरी मोबाईलवर फोटो बघून सांगितलं, की ही उल्का आहे. 'मुंबईची पार्टी' तीस लाख द्यायला तयार आहे. फक्त आधी 'टेस्टिंग'चे चाळीस हजार भरायचे. मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती, म्हणून याने पतपेढीत कर्जाचा अर्जही आणून ठेवला होता! मला तो विचारायला आला नव्हता, खरं तर आनंदाची बातमी सांगायला आला होता.

मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे असा दगड असेल तर आधी एवढंच लक्षात ठेवा: जो माणूस विकत घेणार आहे तो तुमच्याकडून पैसे मागत नाही. तांदूळ ओढून घेणारं भांडं म्हणजे 'राइस पुलर', वीज पडलेलं तांबं, इरिडियम... नावं बदलतात, खेळ तोच. अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येत असतात. तरी दर वर्षी नवे लोक फसतात.

पण नुसतं "फसवणूक आहे" म्हणून त्याला परत पाठवणं मला बरं वाटलं नाही. दगड काय आहे हे तर कळायला हवं! मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई, दगडातलं मला काय कळणार? म्हणून शाळेतले विज्ञानाचे निवृत्त सर शेजारच्या गल्लीत राहतात त्यांना हाक मारली. ते ताणकाटा आणि बादली घेऊनच आले (रिटायर झालेल्या मास्तराला असं काम म्हणजे मेजवानी!).

सुतळीने दगड टांगला. हवेत वजन २ किलो ८५० ग्रॅम. बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता, २ किलो १००. घट झाली ७५० ग्रॅमची. २८५० ला ७५० ने भागलं की ३.८. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या ३.८ पट जड. आर्किमिडीजचं तत्त्व आठवीत सगळ्यांनी घोकलेलं असतं, प्रत्यक्ष बादलीत फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. असो. आपला नेहमीचा काळा दगड, ज्याच्या आपण पायऱ्या नि पाटे-वरवंटे करतो तो बेसाल्ट, २.९ ते ३ च्या आसपास असतो. त्यातही मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, त्यामुळे चांगल्या चुंबकाला तो थोडी ओढ देतो, पण फुलपाखरू असं धरून ठेवत नाही. शुद्ध मॅग्नेटाइटचा दगड असता तर आकडा ५ च्या वर गेला असता. निव्वळ लोखंडाचा तुकडा असता तर ७.८ च्या घरात.

गंमत अशी की ३.८ हा आकडा दगडी उल्कांच्या फार लांब नाही. त्या साधारण ३.३ ते ३.७ असतात. विद्यार्थ्याचे डोळे चमकले. नुसत्या वजनावर आणि चुंबकावर निकाल लागत नाही तो असा.

आता जरा आकाशातल्या खऱ्या दगडांकडे वळते, कारण इतिहासाच्या बाईला हा विषय सोडवत नाही.

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात १६२१ सालची एक हकिगत लिहून ठेवली आहे. जालंधर परगण्यातल्या एका गावी पहाटे पूर्वेकडून मोठा आवाज झाला, उजेड पडला आणि काहीतरी जमिनीत घुसलं. तिथल्या अंमलदाराने जागा खणवली, तर खाली गरम लोखंडाचा गोळा. वजन १६० तोळे, म्हणजे पावणेदोन-दोन किलो. बादशहाने तो उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला दिला. नुसतं ते लोखंड हातोड्याखाली टिकेना, फुटायला लागलं. मग तीन भाग 'विजेचं लोखंड' आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी केली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. मला या हकिगतीत आवडतं ते हे की बादशहाने वजन लिहिलं, कारागिराचं नाव लिहिलं आणि प्रमाणही लिहिलं. आमच्या कितीतरी बखरकारांना एवढं जमलं नाही.

युरोपातल्या विद्वानांना मात्र आकाशातून दगड पडतात हे पुढची पावणेदोनशे वर्षं पटत नव्हतं. पटायला जी कारणं घडली त्यातलं एक आपल्या बनारसजवळचं. १९ डिसेंबर १७९८ च्या रात्री तिथे दगडांचा वर्षाव झाला. त्यातले नमुने इंग्लंडला गेले आणि एडवर्ड हॉवर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये त्यांची इतर देशांतल्या अशाच दगडांशी तुलना केली. सगळ्यांत एक गोष्ट समान निघाली. त्यांतल्या लोखंडात निकेल होतं. तेव्हापासून आजतागायत निकेल ही आकाशातल्या लोखंडाची पहिली खूण.

महाराष्ट्रात अगदी अलीकडे, २२ मे २०१२ ला, नागपूर जिल्ह्यात काटोलला भर दुपारी असे दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं जाऊन तुकडे गोळा करून आली. आणि लोणार तर सर्वांना माहीत आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण ते ज्वालामुखीचं तोंड आहे की उल्केचा खड्डा हा वाद १९७३ पर्यंत चालला. त्या साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विवराच्या तळातल्या काचेसारख्या खनिजांवरून आघाताची खात्री पटली. तिथे जवळच अंबर तळ्यापाशी निजलेल्या मारुतीची मूर्ती आहे, ती उल्केच्या दगडाची आहे आणि तिच्याजवळ होकायंत्र फिरतं असं लोक सांगतात. होकायंत्र काय, आमच्या काळ्या दगडाजवळही थोडं हलतं. मारुतीचा मोठेपणा काही त्यावर अवलंबून नाही.

तर, परत आपल्या बादलीकडे. सरांनी भिंग काढलं. उल्का हवेतून जळत येते, तेव्हा तिच्यावर पातळ काळी साल येते आणि पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठे दाबल्यासारखे खोलगट ठसे उमटतात. आत मात्र ती घट्ट असते. बुडबुड्यांची भोकं तिला जवळपास कधीच नसतात. आमच्या दगडाला एका कडेला भोकंच भोकं होती, काही मोहरीएवढी, काही हरभऱ्याएवढी. वरच्या अंगाला मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तशा वळ्या होत्या. खालच्या अंगाला भाजलेल्या तांबड्या मातीचा थर चिकटलेला. आणि एका खोबणीत कोळशाच्या तुकड्याचा ठसा, लाकडाच्या रेषांसकट!

तो ठसा मी बघत होते, तेवढ्यात विद्यार्थीच हळू आवाजात म्हणाला, "बाई, ही मळी हाय."

वीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. त्याला कोण फसवणार? पण चाळीस हजारांच्या आणि तीस लाखांच्या आकड्यांनी त्याचे स्वतःचे डोळे झाकले होते. मग त्यानेच आम्हाला शिकवलं. "पर आमच्या मळीगत न्हाई. आमची काचंगत असती, हिरवट, हलकी. ही लोखंडाएवढी जड कशी?"

प्रश्न अगदी नेमका होता. खात्रीसाठी सरांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोपऱ्याचा चुरा घेऊन निकेलची तपासणी केली. निकेल असेल तर जो तांबडा रंग यायला हवा तो आला नाही. 'पार्टी'ला याने फोन करून सांगितलं, की तुमचं मशीन घेऊन माझ्या घरीच या, टेस्टिंग माझ्यासमोर करू. त्यानंतर तो फोन बंद आहे. फीचं कर्ज त्याला शेवटी घ्यावंच लागलं, पण ते फीचंच.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर. आजच्या फाउंड्रीत कच्चं लोखंड पार वितळवतात. चुनखडी घालून घाण वर काढतात, म्हणून मळीत लोखंड फारसं जात नाही आणि ती हलकी, काचेसारखी निघते. जुन्या काळी असं नव्हतं. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात आणि मातीच्या लहान भट्टीत, कातड्याच्या भात्याने फुंकून, बाराशेच्या आसपासच उष्णता मिळायची. भट्टीत कोळसा आणि लोहदगडाचा चुरा थरावर थर घालायचे. खालच्या मातीच्या नळीतून तासन् तास भाता चालवायचा. लोखंड वितळत नसे, ते दगडातून सुटून स्पंजासारखा गोळा होऊन बसे. वितळून वाहे ती मळी. गोळा लाल असतानाच घणाखाली घालून त्यातली उरलेली मळी पिळून काढायची, म्हणजे कामाचं लोखंड हाती येई. या पद्धतीत निम्म्याच्या आसपास लोखंड मळीतच अडकून जायचं. म्हणून ती काळी, जड आणि चुंबकाला धरणारी. भट्टी जितकी गरीब, तितकी मळी श्रीमंत!

आणि ही भट्टी कुणाची, याचं उत्तर वारणेच्या खोऱ्यात शोधायला हवं. तिथे झोळंबीसारखे जांभ्याचे सडे आहेत. जांभा म्हणजे काळा दगडच, हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने धुतला गेलेला. बाकीचं वाहून जातं आणि लोखंड मागे राहतं, म्हणून तो लाल. महाबळेश्वर, पाचगणी, कास, पन्हाळा, सगळ्यांच्या डोक्यावर हीच टोपी. त्यात जिथे लोखंड जास्त साठतं ते वजनदार दगड वेचून, भाजून, कुटून लोखंड काढणारी एक जमात या डोंगरात होती. त्यांना धावड म्हणत.

लोहार आणि धावड वेगळे. लोहार तयार लोखंडाला आकार देतो, धावड दगडातून लोखंड काढतो. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द याच अर्थाने आहे. साताऱ्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात महाबळेश्वर-बामणोलीकडच्या जांभ्यातल्या लोखंडाची आणि ते गाळणाऱ्या मुसलमान धावडांची नोंद आहे. (तेव्हा आपला सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ ला झाला तो 'दक्षिण सातारा', आणि सांगली हे नाव १९६० चं. शिराळा भाग साताऱ्याच्याच वाळवे तालुक्यात होता.) कोल्हापूरकडे विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या बाजूलाही असं लोखंड निघत असे.

गॅझेटियरात ही नोंद येते ती धंदा बंद पडल्याची म्हणून. कारणं दोन. एक, विलायती लोखंड. मुंबई बंदरात स्वस्त सळ्या आणि पट्ट्या उतरायला लागल्या, रस्ते आणि रेल्वे झाल्यावर त्या घाटावर पोचल्या. दुसरं कारण मला जास्त टोचतं, ते कोळशाचं. लोखंडाच्या कितीतरी पट कोळसा लागतो, म्हणजे जंगल लागतं. १८७८ चा जंगलाचा कायदा झाला, राखीव जंगलं आखली गेली, लाकडाला पास आणि पैसे लागायला लागले. जंगल राखायला नको होतं असं मी म्हणत नाही. धावडांनी झाडं तोडली हे खरंच आहे. पण त्याच काळात रेल्वेच्या स्लीपरांसाठी देशभर किती जंगल उतरलं तेही खरं आहे. एकाच्या हातातली कुऱ्हाड गुन्हा ठरली, दुसऱ्याची ठरली नाही. धावडांच्या भट्ट्या विझल्या आणि ते मोलमजुरीला लागले.

तीस वर्षं मी पोरांना शिवाजीमहाराजांचे किल्ले शिकवले. तलवारी, भाले, तोफगोळे, घोड्यांचे नाल, सगळं फळ्यावर आलं. पण हे लोखंड कुठून आलं हा प्रश्न ना पुस्तकात होता, ना एकाही पोराने विचारला. परदेशी पोलाद आणि तलवारींची पाती येत होती हे आपण वाचतो. पण कुणब्याचा फाळ, विळा, कोयता, पहार? त्यासाठी कुणी गलबत पाठवत नव्हतं. ते इथल्याच डोंगरातून यायचं.

मग त्या लोखंडाचं झालं काय? लोखंड कधी एका जागी राहत नाही. फाळ झिजला की लोहाराकडे जातो, त्याचा विळा होतो, विळ्याचा खिळा, उरलेलं गंजून मातीत जातं. तोफांचंही तसंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड यायचं थांबलं तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा त्यांना दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. ही गोष्ट मी वर्गात फार रंगवून सांगत असे. आज विचार करते, तर ते नांगरही आता कुठे आहेत? भंगारात जाऊन कुठल्या तरी भट्टीत परत वितळले असणार. कदाचित आमच्या एमआयडीसीतल्याच.

मळी मात्र जिथे ओतली तिथे पडून राहते. तिला कुणी विकत घेत नाही, ती फारशी गंजत नाही, वितळवायला परवडत नाही. धावडांनी एकही कागद लिहिला नाही, त्यांचे पोवाडे नाहीत, वाडे नाहीत. त्यांच्या हाताची खूण म्हणून जी वस्तू टिकून आहे ती हीच.

तीसुद्धा पूर्ण टिकली नाही, आणि यात आपल्या वैद्यांचा हात आहे. :-) आयुर्वेदात पंडुरोगावर मंडूर भस्म देतात. मंडूर म्हणजे लोखंडाची जुनी मळी, लोहकीट. ती जितकी जुनी तितकी चांगली, असं जुने रसग्रंथ सांगतात. शंभर वर्षांची उत्तम, ऐंशीची मध्यम, साठची कनिष्ठ, त्याहून ताजी असेल तर विषासारखी. म्हणजे कुठली भट्टी किती जुनी याचा अंदाज बांधणारे पहिले लोक पुराणवस्तू खात्याचे नव्हेत, वैद्य होते. मंडूर ते अशा जुन्या ढिगांतूनच आणणार. माझ्या आजीला बाळंतपणानंतर पुनर्नवा मंडूर दिल्याचं आई सांगायची. कुठल्या तरी विसरलेल्या भट्टीतलं लोखंड त्यातून तिच्या रक्तात गेलं असेल, आणि पुढे थोडंफार आमच्यातही.

विद्यार्थ्याचा आज्जा "वीज पडली तवाचा" म्हणायचा, त्यालाही मी खोटं म्हणत नाही. शेतात नांगराला काळा, जड, वितळलेला गोळा लागतो. आजूबाजूला भट्टी नाही, धावड नाही, त्यांची आठवणसुद्धा नाही. मग इतकी आग कुठून आली? आकाशातूनच, दुसरीकडून कुठून? धावड विसरले गेले म्हणून वीज आठवली.

माझ्यापुरतं मी एवढं केलं. दगडाचे चारही बाजूंनी फोटो काढले, वजन, मापं आणि आज्याने सांगितलेली हकिगत वहीत उतरवून घेतली. शेत नेमकं कुठे होतं हे त्याच्या चुलत्याला विचारलं. ते म्हणाले, शेत पाण्याखाली नाही, पाण्याच्या वरच्या अंगाला आहे, आता जंगलखात्याच्या हद्दीत. म्हणजे ढीग असलाच तर अजून जागेवर असेल. पण तिथे आपण उठून जायचं नाही. राष्ट्रीय उद्यान आहे, परवानगी लागते, आणि अशी जागा उकरली की तिचं निम्मं सांगणं संपतं.

पाटण, जावळी, शाहूवाडी, भुदरगड या भागात आपले बरेच नातेवाईक आणि काही वाचकही आहेत. ओढ्याच्या कडेला, सड्याच्या उताराला, जुन्या वाटेवर जड काळ्या, वळ्या पडलेल्या, भोकाभोकांच्या दगडांचा ढीग दिसला, किंवा एखाद्या शेताला 'धावडाचं' असं नाव असलं, तर मला जरूर कळवा. दगड उचलू नका. जागा लिहून ठेवा, शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळेल, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की त्या जागेला काय म्हणतात.